कर्बाचा फेरा



आज आम्ही एका पाहुण्याची गोष्ट सांगणार आहोत. हा पाहुणा एका घरी कायम राहत नाही. त्याचे नाव कर्ब.

चुलीतले जळते लाकूड विझवा. काळा कोळसा उरतो. तो बहुतेक कर्बच. भाकरी तव्यावर करपली, काळी झाली, तोही कर्ब. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. दुधात, कापसात, तुमच्या-आमच्या हाडामांसात तो आहे.

मग झाडात हा कर्ब येतो कोठून? कोणीही म्हणेल, मातीतून. सतराव्या शतकात, आज ज्याला बेल्जम म्हणतात त्या देशात, व्हॅन हेलमाँट नावाचे विद्वान होते. त्यांनी माती वाळवून तोलली, कुंडीत भरली आणि तीत वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. ५ पौंडांचे रोप १६९ पौंडांचे झाड झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी भरली! म्हणजे मूठभरच. त्यांना वाटले, झाड पाण्यातूनच वाढले. पाणी लागतेच, पण कर्ब येतो हवेतून. ते पुढच्या शोधकांनी दाखविले.

हवेत कर्बवायू असतो. पानांना बारीक छिद्रे असतात. त्यांतून तो आत शिरतो. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. तेथे कर्बवायू आणि पाणी यांची साखर होते. सरपण मात्र उन्हाचे! त्याच साखरेतून पुढे खोड, दाणा, फळ बनते.

जोंधळ्याची भाकरी आपण खातो. त्यातला कर्ब श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. कडबा बैल खातो. काही कर्ब त्याच्या श्वासातून जातो, काही शेणातून मातीत येतो. मातीतले जंतू शेण खातात. तेही श्वास घेतात, सोडतात. असा हा फेरा चालतो.

काही कर्ब मात्र फार काळ अडकून राहिला. चंद्रपूरकडच्या खाणींतला दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, गाडली गेलेली झाडेच. तो आपण भराभर जाळतो. १७५० च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू वाकळेसारखा आहे. जमिनीची ऊब तो सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जगाची उष्णता वाढते आहे.

आता आमची चूक सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही ऊस लावला. तोडणी झाली, की पाचटाला काडी लावायची. रान कसे साफ! एकरी तीन-चार टन पाचट घटकाभरात जळे. कर्ब गेला, बहुतेक नत्रही गेले. उरली राख. पुढे माती तपासून आणली. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली! आमची सूनबाई म्हणाली, "मामंजी, फळ्यावर शिकवलंत ते रानात कधी आणायचं?" आम्ही काय बोलणार? मान खाली घातली.

त्या सालापासून खोडव्यात पाचट आड सरीत पसरतो, वर शेणखत टाकतो. त्यातलाही पुष्कळ कर्ब हवेत परत जातोच. पण थोडा मातीत मुरतो. ती माती भुसभुशीत होते, ओल धरते. आमच्या रानात गांडुळे दिसू लागली. तीन वर्षांनी आकडा थोडासाच वर सरकला. घाई करून भागत नाही. पाचट जाळायला एक काडी पुरते, मातीला कर्ब द्यायला वर्षे लागतात.

तेव्हा मंडळी, यंदा काडी ओढण्याआधी घरातला माती तपासणीचा कागद काढा. नसेल तर माती तपासून आणा. त्यावर 'सेंद्रिय कर्ब' हे दोन शब्द शोधा. समोरचा आकडा बघा. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. आता तुम्हांला वाचता येते.