गाजरगवताची भावकी

पहिले चार पाऊस पडून गेले की वाघोलीच्या माळावर एक पाहुणा न बोलावता हजर होतो. गाजराच्या पाल्यासारखी पाने, शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले. कोणी त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी. नगर रस्त्याच्या कडेला, दगडाच्या खाणींच्या काठाने, बांधावर, जिकडे पाहावे तिकडे हेच. २०२१ मध्ये वाघोली पुणे महानगरपालिकेत आली. शेते विकली गेली, तुकडे पडले, इमारती मात्र अजून सगळीकडे उभ्या राहिलेल्या नाहीत. मधल्या काळात त्या पड जमिनीची वहिवाट या गवताकडेच असते म्हणा ना!

आता तुम्ही विचाराल, इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला गवताशी काय कर्तव्य? पण गवतालाही इतिहास असतो, आणि या गवताचा तर पुण्याशी जवळचा संबंध आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये या वनस्पतीची नोंद छापली, ती पुण्यात सापडलेल्या रोपांवरून. अमेरिकन गव्हाबरोबर हे बी आले अशी लोकांची समजूत झाली आणि त्यावरून सरकारी पक्षाचे नाव त्याला चिकटले. मूळ घर मात्र अमेरिका खंडातलेच, याविषयी वाद नाही.

त्या मुलखात याची मोठी भावकी आहे, आणि ती सगळीच काही उनाड नाही. एक भाऊबंद दहा-पंधरा फूट उंच वाढतो. इंग्रजीत त्याला जायंट रॅगवीड म्हणतात, शास्त्रीय नाव ॲम्ब्रोसिया ट्रायफिडा. ॲम्ब्रोसिया म्हणजे ग्रीक देवांचे अन्न, आपल्याकडचे अमृतच! आणि याच अमृताचे पराग वाऱ्यावर उडाले की हजारो माणसे शिंकून शिंकून बेजार होतात. तरीही चेरोकी लोक याची पाने चुरगाळून किडा चावल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर चोळीत. ओझार्क डोंगरातल्या प्राचीन गुहांत याचे मोठमोठे दाणे सापडले, तेव्हा मेल्विन गिलमोर या संशोधकाने १९३१ मध्ये असे मत मांडले की, तेथील लोक हे तण शेतात पेरीत असले पाहिजेत. पुढच्या अभ्यासकांनी ते मानले नाही. रानटी रोपालाही तसे दाणे धरतात, असे त्यांचे म्हणणे.

पण याच भावकीतले दुसरे एक रोप, आयव्हा, खरोखरच पेरले जात होते. माणूस मोठे दाणे निवडून पेरीत गेला, तसतसे शतकाशतकाने त्याचे दाणे वाढत गेले. सूर्यफूल आणि आपल्या चाकवताची एक बहीण ही त्याच शेतातली सोबतीण पिके. पुढे मक्याने जोर धरला आणि आयव्हा पुन्हा रानात गेला. गाजरगवताचा सख्खा भाऊ ग्वायुले हाही मेक्सिकोकडचाच. त्याच्या झुडपात रबर असते. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडचे रबर बंद झाले, तेव्हा अमेरिकन सरकारने त्याची मुद्दाम लागवड केली.

म्हणजे पीक आणि तण ही काही जन्मजात जात नव्हे. माणसाशी किती पिढ्यांची ओळख आहे, यावर ते ठरते. आपल्याकडेच पाहा. टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी ही सगळी तणेच. पण कोवळा टाकळा कधी खुडायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे आजीने आईला सांगितले, आईने मुलीला. ही ओळख पोथीत नाही, हातात आहे.

गाजरगवताशी आपली अशी ओळख नाही. कॅरिबियन बेटांत लोक त्याचा औषधी वापर करतात, हे खरे. पण एवढ्यावरून कोणी काढा करून प्यायला सांगितला तर पिऊ नका. त्यात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते. आपल्याला त्याचे पथ्य ठाऊक नाही, प्रमाण ठाऊक नाही. ठाऊक आहे तो त्रास. तो भोगतात रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या बाया आणि उघड्यावर राबणारे गडी. मान, पापण्या, कोपराची लवण येथे खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. “इतकी वर्षं उपटतोय, मला काही झालं नाही,” या म्हणण्याला अर्थ नाही. अंगाला हे वावडे वर्षानुवर्षांच्या संबंधानंतरही जडते, आणि एकदा जडले की बहुधा पिच्छा सोडत नाही.

मग करायचे काय? एका रोपाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. तेव्हा फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचे. हातमोजे नसतील तर निदान हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि अंगभर कपडे घालायचे. मजूर लावले असतील तर हा खर्च मालकाचा आहे, मजुराचा नव्हे. फूल न आलेले गवत शेण-मातीच्या थरांनी खड्ड्यात गाडले की चार-पाच महिन्यांत चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल. मेक्सिकोहून १९८३ मध्ये बंगळूरला आणलेला एक भुंगेरा याची पाने खातो. पावसाळ्यात तो दिसला तर मारू नका.

आणि टाकळ्याला विसरू नका. दिवाळीच्या सुमारास त्याचे बी गोळा करून ठेवा आणि पावसाआधी पड जागेत, रस्त्याकडेला विस्कटा. पहिल्या सरीबरोबर तो उगवतो, दाट वाढतो आणि गाजरगवताला जागा देत नाही. शिवाय चार दिवस घरात भाजी होते, ती वेगळीच. ज्याला आपण तण म्हणून हिणवले, तोच ओळखीचा गडी आज राखणीला उपयोगी पडतो. त्याची ओळख मात्र पुढच्या पिढीला करून द्यायला हवी. वाघोलीतल्या किती मुलांना आज टाकळा ओळखता येईल, हे घरोघरी एकदा विचारून पाहा.