वेल्डिंग करणाऱ्यांचे नेत्ररक्षण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



लोहकाम हा आपला पिढीजात व्यवसाय. देवळाली प्रवरेच्या परिसरात भात्याशेजारी आता वेल्डिंगचे यंत्र आले. ट्रॉल्या, ऊसगाड्या, नांगर यांची जोडकामे आपली मुले करितात. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु साधा काळा चष्मा लावून ती कामास बसलेली पाहिली, म्हणजे मन शंकित होते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दिवसभर असेच काम केले. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारख्या वेदनांनी तो तळमळू लागला. झोतातील अदृश्य अतिनील किरणांचा दाह असा काही तासांनी उमटतो. अशा वेळी डोळ्यांत दूध वगैरे न घालता डॉक्टरांकडेच जावे.

हेल्मेट घेताना प्रथम काचेचा क्रमांक पाहावा. विजेच्या नेहमीच्या वेल्डिंगला बहुधा 10 ते 12 क्रमांक लागतो. प्रवाह वाढेल तसा क्रमांक वाढवावा. गॅसच्या कामाची फिकी काच येथे चालत नाही. हातात धरावयाच्या काचेपेक्षा डोक्यावरील हेल्मेट बरे. दोन्ही हात मोकळे राहतात. तडा गेलेली काच तत्काळ बदलावी. आपोआप काळी होणारी काच असल्यास कामापूर्वी तपासावी. जोडावरची खपली ठोकतानाही स्वच्छ काचेचा चष्मा असावा. जवळ लहान मुलांस उभे राहू देऊ नये.

हत्यार मोडले तर नवे घडविता येते. दृष्टी घडविणारा कारागीर आपल्या ज्ञातीत नाही. एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.