पंधरा अँपिअरचा फ्यूज



मला सॉफ्टवेअरविषयी बोलायला सांगितलं होतं. पण विज्ञानाचे सर समोर बसलेत, म्हणून आधी एक कबुली देते. दहावीत ओहमच्या नियमाचा प्रयोग मी केलाच नव्हता. शॉकच्या भीतीने वायरला हात लावला नाही आणि मैत्रिणीच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवली. सर, तुम्ही त्यावर 'उत्तम' असा शेरा दिला होता!

पुढे इंजिनिअर झाले, पण घरातला बल्बसुद्धा दुसऱ्यानेच बदलायचा. गेल्या पावसाळ्यात, एका रविवारी गाडीचा हॉर्न बंद पडला. गॅरेज बंद. लेक म्हणाली, "आई, तू इंजिनिअर ना?"

झालं! गाडीची पुस्तिका काढली. गाडी बंद करून चावी काढली, स्टिअरिंगखालचा फ्यूजबॉक्स उघडला. झाकणावरच्या तक्त्यात हॉर्नचा फ्यूज सापडला. निळा, 15 अँपिअरचा. चिमट्याने ओढून उजेडात धरला, तर आतली पट्टी तुटलेली. बॉक्समधलाच सुटा फ्यूज बसवला, हॉर्न दाबला आणि तोही उडाला.

शेजारचे काका म्हणाले, "20 चा टाक, टिकेल."  पण सर, तेव्हा तुमचं वाक्य आठवलं. "फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो जळला नाही, तर वायर जळेल." बॉनेट उघडून वायर तपासत गेले. हॉर्नपाशी ती उंदराने कुरतडली होती, उघडी तार पत्र्याला टेकत होती. तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि पुन्हा 15 चाच फ्यूज बसवला. हॉर्न असा वाजला की सोसायटीतल्या चार खिडक्या उघडल्या! दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वायरचा तेवढा तुकडा बदलून दिला.

ऑफिसमध्येही एरर आली की मर्यादा वाढवून ती गप्प करायचा मोह होतो. अशाने तक्रार थांबते, बिघाड तसाच राहतो. हे मला एवढ्याशा फ्यूजने शिकवलं, आणि भीतीपोटी आपण काय काय टाळत आलो तेही दाखवलं.

सर, तो जळका फ्यूज आज पर्समध्ये आणलाय. राहिलेला प्रयोग 30 वर्षांनी पूर्ण केला. जर्नलवर आता सही कराल ना?