हळू बोलणारा सरदार : रूस बोल्टनचं काय करायचं?

आज बोलायचंय ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रूस बोल्टनबद्दल. स्पॉयलर भरपूर आहेत, त्यामुळे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आत्ताच पॉज करा.

मालिकेतला खलनायक म्हटलं की सगळे जॉफ्री किंवा रॅमसेचं नाव घेतात. मला मात्र जास्त भीती वाटते ती रूसची. तो ओरडत नाही, चिडत नाही. पुस्तकात तो इतकं हळू बोलतो की ऐकण्यासाठी बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. दारू बेताची, आणि तब्येतीसाठी अंगाला जळवा लावून घेतो. घराण्याचं निशाण मात्र कातडी सोललेला माणूस!

२०१३ साली तिसऱ्या सीझनचा नववा भाग आला आणि ‘रेड वेडिंग’ने सगळे हादरले. रॉब स्टार्कचा स्वतःचा सरदार त्याच्या छातीत सुरा खुपसतो. आपल्याला वाटतं, दगा त्या रात्री झाला. पण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची पुस्तकं नीट वाचलीत, तर हा माणूस कितीतरी आधीपासून केसाने गळा कापत होता असं दिसतं.

कसं ते बघा. रॉब त्याला पायदळाचं नेतृत्व देतो. ग्रीन फोर्कला टायविनसमोर हे पायदळ हरतं. पुढे रूस एक मोठी तुकडी डस्कनडेलला पाठवतो. त्यात ग्लोव्हर आणि टॉलहार्ट यांची माणसं असतात, आणि ती तिथे कापली जातात. रूबी फोर्डला नदी ओलांडतानाही मागे राहून मार खातात ती दुसऱ्याच घराण्यांची माणसं. शेवटी लग्नाला तो पोचतो तेव्हा त्याच्यासोबत उरलेल्या फौजेत बहुतेक त्याचीच माणसं असतात. प्रत्येक पराभवाला कारण तयार असतं, पण बिल दरवेळी दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

म्हणून मला वाटतं, फितूर ओळखायचा तर त्याचं बोलणं ऐकत बसू नका. नुकसान झालं की ते कोणाच्या वाट्याला आलं, एवढंच मोजा. रॉब लढाया मोजत राहिला. मेलेली माणसं कोणाची, हे त्याने मोजलंच नाही.

आता रील्सवर अशा पात्रांना जोरदार म्युझिक लावून ‘चाणक्य’ म्हणतात. थंड डोक्याचा, म्हणजे हुशार! बरं, मग त्याला मिळालं काय, तेही बघू. उत्तरेचं वॉर्डनपद मिळालं. पण त्या जगात एक नियम आहे: ज्याच्या घरची मीठ-भाकरी खाल्ली, त्याच्या जिवाला त्या छपराखाली धोका नसतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, तसंच काहीसं, फक्त तिथे ते यजमानावरही बंधन आहे. फ्रे यजमान होते, त्यांनी ते मोडलं. रूस तर रॉबचाच शपथ घेतलेला सरदार, आणि तो त्यांना सामील!

पुढे २०११ च्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये तो विंटरफेलला बसलाय. बाहेर बर्फ, आत एकामागून एक खून, आणि जेवणाच्या टेबलावर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने बघतोय. ज्याने स्वतःच विश्वास मोडून सत्ता मिळवली, त्याने आता दुसऱ्यांकडे निष्ठा मागायची कशाच्या जोरावर? भीती दाखवून लोकांना टेबलावर बसवता येतं, पण शांत झोप मिळत नाही. मालिकेत तर २०१६ च्या सहाव्या सीझनमध्ये त्याचाच मुलगा रॅमसे त्याला मिठी मारता मारता भोसकतो. बापाकडूनच शिकलेला धडा होता तो.

पात्र म्हणून रूस मला जबरदस्त आवडतो, खोटं कशाला बोलू! पण आवडणं वेगळं आणि आदर्श मानणं वेगळं. ऑफिसात, कॉलेजच्या ग्रुपमध्ये, मंडळाच्या कमिटीत असा शांत, गोड, प्रत्येक वेळी सुखरूप सुटणारा माणूस दिसला, तर त्याला लगेच चाणक्य म्हणू नका. आधी विचारा, याच्या प्लॅनमध्ये दरवेळी बुडतंय कोण?

तुमच्या मते रूस जास्त धोकादायक की टायविन? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!