बुधावरचा दिवस आणि आर्यभटाची वजाबाकी



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘ग्रहांचे दिवस, ग्रहांची वर्षे’. शुक्राचं वर्ष २२५ दिवसांचं, गुरूचं आपल्या जवळजवळ बारा वर्षांचं, ही कोष्टकं तुम्ही शाळेत पाठ केलेली आहेत. ती मी वाचत नाही. ‘ग्रह स्वतःभोवती एक फेरी घेतो तो त्याचा दिवस’ हे वाक्य आपण मुलांकडून घोकून घेतो. ते वाक्य बदललं पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. पण तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी चार मिनिटं लागतात, तेव्हा कुठे दिवस भरतो. हे लख्ख मांडलं आर्यभटाने. एका महायुगात वर्षं ४३,२०,००० आणि पृथ्वीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५००. फेऱ्यांतून वर्षं वजा करा, १,५७,७९,१७,५०० उरतात. हे सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे! फेऱ्या वजा वर्षं बरोबर दिवस.

समोर काही चेहऱ्यांवर हसू दिसतंय. ‘आता आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणणार!’ नाही म्हणणार. बुध स्वतःभोवती किती वेळात फिरतो हे आर्यभटाला माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यच नव्हतं. पण त्याची वजाबाकी बुधावर चालते, आणि ती चालते हे सांगायला मला कोणाचा संकोच वाटत नाही.

चला बुधावर. १८८९ साली इटलीच्या स्कियापारेल्लीने जाहीर केलं की बुधाची फेरी ८८ दिवसांची, आणि त्याचं वर्षही ८८ दिवसांचंच. म्हणजे एक बाजू कायम उन्हात, दुसरी कायम अंधारात. माणूस साधासुधा नव्हता, दुर्बिणीवरचा त्याचा डोळा नावाजलेला. नंतरच्या निरीक्षकांनीही त्याचीच री ओढली. का? हे समजून घेण्यासारखं आहे, जरा थांबतो इथे. बुध सूर्याच्या इतका जवळ की नीट दिसतो तो थोडेच दिवस. साधारण ११६ दिवसांनी तो आपल्याला पुन्हा त्याच कलेत दिसतो, पण सोयीची वेळ येते ती दर तिसऱ्या खेपेला, ३४८ दिवसांनी. आणि खरी फेरी आहे ५८.६५ दिवसांची! सहा फेऱ्यांचे झाले ३५२. म्हणजे निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावतो, तेव्हा समोर जवळजवळ तेच डाग. त्याने काय समजावं? आळस नव्हता हो त्यांचा, आकाशानेच त्यांना चकवलं. १९६५ साली प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबोहून पेटेंगिल आणि डाइस यांनी बुधावर रडारच्या लहरी सोडल्या, परतलेल्या लहरी तपासल्या आणि उत्तर आलं सुमारे ५९ दिवस. ७६ वर्षांचा समज गेला. कोलंबो नावाच्या इटालियन गणितज्ञाच्या लगेच ध्यानात आलं, हे तर ८८ चे दोन तृतीयांश!

आता करा वजाबाकी. बुधाच्या एका वर्षात फेऱ्या दीड. दीड वजा एक, राहिला अर्धा. बुधाच्या वर्षात अर्धाच दिवस मावतो! एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत १७६ दिवस, त्याची दोन वर्षं. (मागून : “मग वाढदिवस?”) एका दिवसात दोन, आणि त्यातला एक रात्री! (हशा)

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? पाच. बरं.

शुक्र भराभर. तो उलटा फिरतो, २४३ दिवसांत एक फेरी. वर्षाच्या २२५ दिवसांत ०.९२ फेरी, पण उलट दिशेने, म्हणून इथे वजाबाकीची बेरीज होते. १.९२ दिवस. २२५ ला १.९२ ने भागा, ११७ दिवसांनी सूर्य उगवतो, पश्चिमेला. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा ४० मिनिटांनी मोठा, बस्स. गुरूची फेरी दहा तासांच्याही आत. तिथे वर्षात फेऱ्याच दहा हजारांवर, त्यातून एक गेली तर काय फरक पडतो? म्हणूनच शाळेतलं वाक्य खपून जातं.

(“साडेसाती!”) हो, तीही सांगतो. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं, बारा राशींत वाटा, एकेका राशीला अडीच वर्षं, तीन राशींचे साडेसात. भागाकार आहे तो. त्यापलीकडचं मला विचारू नका, मी ते मानत नाही. कुंभमेळ्याचंही तसंच. गुरूची फेरी बरोबर बारा वर्षांची नाही, ११.८६ ची आहे. फरक साचत जातो, म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला, अकराव्या वर्षीच आला.

घंटा झाली. युरेनस राहिलाच. तो जवळजवळ आडवा पडून फिरतो, ध्रुवावर ४२ वर्षं उजेड, ४२ वर्षं अंधार. तिथे ही वजाबाकी कशी लावायची ते चित्र काढल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्यांना थांबता येईल त्यांनी पुढे फळ्यापाशी या.