पोरं मशीन का सोडतात?



तयार कपड्यांच्या धंद्यातल्या आपल्या अधिवेशनासाठी कांजूरमार्ग निवडले, हे योग्य झाले. इथे पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या कारखान्याचे आवार होते. आज तिथे निवासी टॉवर आहेत. अशा कारखान्यात लागलेला तरुण निवृत्तीपर्यंतचा हिशेब धरून घर थाटायचा. आज याच पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात शिलाईला बसलेला मुलगा पुढच्या दिवाळीला तिथे असेल का, हे त्याच्या सेठलाही सांगता येत नाही.

‘पोरं टिकत नाहीत, त्यांना कष्ट नकोत’ हे गाऱ्हाणे आपण सगळेच करतो. मला ते मान्य नाही. आपले मशीन सोडून गेलेला मुलगा भर पावसात पाठीवर पिशवी घेऊन रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरी करतो. त्याला कामचुकार कोण म्हणेल?

तो शेजारच्या मशीनकडे बघून निर्णय घेतो. तिथे बसलेला कारागीर चाळिशीचा आहे. कॉलर असो, कफ असो, त्याचा हात सफाईदार. पण तो अजून पीसरेटवर आहे. नेमणूकपत्र नाही. माल नसला की घरी बसायचे आणि आठवड्याच्या खर्चीसाठी ठेकेदारापुढे उभे राहायचे. हेल्पर म्हणून धागे कापणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराने हे रोज पाहिले, तर त्याने का थांबावे?

कायदाही त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना कायदा लागू व्हायला पूर्वी दहा कामगार पुरत. महाराष्ट्राने ती मर्यादा वीसवर नेली. भविष्य निर्वाह निधीलाही वीसच लागतात. हे दोन्ही टाळायला हजेरीपट एकोणिसावर थांबवण्याची युक्ती आपल्यातले काही जण करतात. ती बंद झाली पाहिजे, हे मी अध्यक्ष म्हणून स्पष्ट सांगतो.

पण जिथे निधी कापला जातो, तिथूनही माणसे जातात. त्यामागचे एक कारण बेंगळुरूच्या बायकांनी देशापुढे मांडले. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्राने नियम बदलला: निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. १८ आणि १९ एप्रिलला कपडे कारखान्यांतल्या हजारो कामगार, बहुतांश बायका, रस्त्यावर उतरल्या आणि सरकारने बदल मागे घेतला. एवढा संताप का? कारण नोकरी सोडल्यावर मिळणारी ती रक्कमच त्यांच्या हाती येणारी मोठी रक्कम होती. मुलांची फी, घरातले लग्न, सावकाराचे देणे, सगळे त्यातून. महिन्याच्या पगारात काही उरत नाही, म्हणून पैसे मोकळे करायला राजीनामा द्यायचा आणि मग दुसऱ्या कारखान्यात नव्याने लागायचे. दर वेळी ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. नोकरी सोडणे हीच ज्यांची बचत, त्यांना आपण चंचल म्हणतो, हे मला फार लागते.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. शौचालयाला जायचे तर सुपरवायझरला विचारावे लागते, म्हणून दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या मुली या धंद्यात आहेत. टार्गेट चुकले म्हणून सगळ्या लाइनसमोर शिवी ऐकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. तिने योग्यच केले.

माल घेणारे दर पाडतात, मार्जिन उरत नाही, हे खरे आहे. त्यासाठी आपण एकत्र भांडू. पण नेमणूकपत्र द्यायला मार्जिन लागत नाही, आणि शिवी न द्यायलाही लागत नाही. जादा तासांना दुप्पट दर तर १९४८च्या कारखाना कायद्यापासूनच लिहिलेला आहे.

उद्या इथे ठराव येतील. त्यांत एक माझा असेल: प्रत्येक हेल्परला पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र, दर महिन्याला पगाराची पावती, आणि दोन वर्षांत कटिंग किंवा पॅटर्नचे काम शिकवून त्या कामाचा दर देण्याची लेखी हमी. सहकाऱ्यांनो, तो एकमताने मंजूर करा आणि सोमवारी आपापल्या गाळ्यापासून सुरुवात करा.