अंदमानची वाट आणि नावाचा घोळ



आज मी तुम्हाला आमच्या प्रवासाची हकीकत सांगणार आहे. हकीकत गमतीची आहे. पण तिच्यात माझी एक चूक आहे. ती चूक मी तुमच्यापुढे कबूल करणार आहे. मास्तर माणसाने वर्गापुढे चूक कबूल करावी, यात कमीपणा नाही.

मागे एकदा दिवाळीनंतर आम्ही दहा जण फलटणहून अंदमानला गेलो. आमच्यात आमच्या गल्लीतल्या आक्का होत्या. वय सत्तरीच्या पुढे. आक्का याच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या. आपल्या सातारा जिल्ह्यात 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तेव्हा आक्कांची आई सही करायला शिकली. आक्का लहान होत्या, पण त्या शाळेत गेल्या नाहीत. त्या शेळ्या राखत होत्या. त्यांची अक्षरओळख राहिली ती राहिलीच, ती थेट म्हातारपणी झाली.

आक्कांना अंदमान बघायचे होते. का? तर त्यांचे वडील लहानपणी त्यांना काळ्या पाण्याच्या गोष्टी सांगत. 1943 ते 1946 या काळात आपल्याकडे पत्री सरकार होते. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे पुढारी. त्या दिवसांत आक्कांचे वडील भूमिगतांना रात्री भाकरी पोचवत. ते म्हणत, "आपण काय केलं? काहीच नाही. खरं सोसलं ते काळ्या पाण्यावर गेलेल्यांनी. एकदा तिथली माती कपाळाला लावायची होती." त्यांना जाणे जमले नाही. म्हणून लेकीने जायचे ठरवले. खुरपणीचे आणि शेळीच्या दुधाचे पैसे तिने चार वर्षे डब्यात साठवले.

आता अंदमान कुठे आहे ते सांगतो. आपल्या देशाच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. त्यात अंदमान आणि निकोबार ही बेटे आहेत. लहानमोठी धरून पाचशेच्या वर बेटे आहेत. पण माणसांची वस्ती थोड्याच बेटांवर आहे. चेन्नईहून ते अंतर तेराशे किलोमीटरांहून अधिक भरते. बोटीने गेले तर तीन दिवस लागतात. विमानाने दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. आम्ही पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वेने गेलो आणि पुढे विमानाने जाणार होतो.

घोळ झाला तो इथेच.

विमानतळाच्या दारात शिपाई तिकीट बघतो आणि ओळखपत्र बघतो. दोन्हींवरचे नाव एकच असावे लागते. आमचे नऊ जण आत गेले. आक्कांना त्याने थांबवले. तिकिटावर एक नाव होते, आधार कार्डावर दुसरेच.

त्याचे असे झाले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल होती. आक्कांचेही नाव सासरी बदलले. गाव त्यांना सासरच्या नावाने ओळखते. पण कार्ड काढताना त्यांच्याकडे जुना दाखला होता, त्यावर माहेरचे नाव होते. तेच नाव कार्डावर चढले. आणि तिकिटाचा अर्ज भरला होता मी. मी कार्ड उघडून बघितलेच नाही. तोंडात बसलेले नाव लिहून मोकळा झालो.

अर्ज भरताना आक्का माझ्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "मास्तर, काय लिवलंय ते वाचून दाखवा की."

मी म्हणालो होतो, "आक्का, इंग्रजीत आहे. तुम्हाला काय कळणार त्यातलं? करा इथं सही."

त्यांनी सही केली. मंडळी, मी तीस वर्षे शाळेत शिकवले. 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे वाक्य मीच या फळ्यावर लिहिले आहे. आणि मीच एका शिकलेल्या बाईला न वाचता सही करायला लावली.

आम्ही पुष्कळ विनवण्या केल्या. शिपाई म्हणाला, "माझ्या हातात नाही." खिडकीवरचा बाबू म्हणाला, "एखादे अक्षर चुकले असते तर दुरुस्त केले असते. हे नावच वेगळे आहे. नवीन तिकीट काढा." त्यांचे चुकले नव्हते. नियम सगळ्यांना सारखा. विमानाची वेळ झाली होती. मी आठ जणांना पुढे पाठवले आणि आक्कांबरोबर मागे राहिलो. दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटे काढली. पैसे मी भरले. आक्का डबा उघडायला लागल्या. मी म्हणालो, "नको, आक्का. दंड चुकणाऱ्याने भरायचा."

ती रात्र आम्ही धर्मशाळेत काढली. आक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. तिथे आणखी एक गंमत. ज्या शहराला आपण पोर्ट ब्लेअर म्हणतो, त्याचे नाव 2024 साली सरकारने 'श्री विजय पुरम' केले. हॅवलॉक बेटाचे नाव 2018 सालीच 'स्वराज द्वीप' झाले आणि नील बेटाचे 'शहीद द्वीप'. पण लोकांच्या तोंडी अजून जुनी नावे आहेत. आमचे पुढे गेलेले लोक धक्क्यावर भेटले. त्याच दुपारी सगळ्यांना बोटीने हॅवलॉकला जायचे होते. आमचे तात्या चौकशी करत फिरत होते, "हॅवलॉकची बोट कुठं? हॅवलॉकची बोट कुठं?" गर्दीत कोणी नीट सांगेना. बोट सुटायला दहा मिनिटे उरली.

तिथे हिंदीत पाटी होती. हिंदीची अक्षरे आपल्या मराठीसारखीच. आक्का पाटीखाली उभ्या राहून एकेक अक्षर लावत होत्या. "स्व... रा... ज. स्वराज! तात्या, आपल्या तिकिटावर काय हाय ते बघा बरं."

तिकिटावर 'स्वराज द्वीप' असेच होते. आम्ही धावलो आणि बोट मिळाली. तात्या दिवसभर म्हणत होते, "आक्कांनी बोट धरून दिली."

या धावपळीत एक गोष्ट राहून गेली. आठ जणांनी आदल्या दिवशी सेल्युलर जेल बघून घेतला होता. आक्कांचा मात्र राहिला होता. मी म्हणालो, "परत आल्यावर बघू. एक दिवस मोकळा आहे."

पण मोकळा दिवस समुद्राने खाल्ला. स्वराज द्वीपावर दोन रात्री राहून आम्ही परतीसाठी धक्क्यावर आलो, तर वारा सुटलेला, लाटा उसळलेल्या. हवा बिघडल्यामुळे सगळ्या बोटी बंद. कुणाला रागावणार? समुद्र कुणाचे ऐकत नाही. तिकिटाचे पैसे परत घ्यायला रांग, उद्याचे तिकीट काढायला दुसरी रांग. दोन्हीकडे अर्ज. प्रत्येकाचे नाव, वय, ओळखपत्राचा नंबर.

मी अर्ज भरायला घेतला. आक्का शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, आता वाचून दाखवा. मी कार्ड हातात धरते."

मी एकेक नाव वाचले. आक्कांनी एकेक कार्ड पुढे धरून मराठी नाव लावून बघितले आणि नंबरचे आकडे मोजले. तिसऱ्या कार्डाला त्या थांबल्या. "हितं शेवटी सात हाय. तुम्ही एक लिवलाय." मी बघितले. खरेच मी एक लिहिला होता. रांगेतले लोक हसले. मीही हसलो. त्या दिवशी आक्का माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट मिळाली. शहरात पोचलो तर अंधारून आले. पाचलाच सूर्य मावळतो तिथे. ते ठिकाण आपल्यापेक्षा पूर्वेला खूप लांब आहे आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच. त्यामुळे आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी दिवस बुडतो. जेल बंद झाला होता. आता हातात एकच दिवस उरला. आणि त्या दिवशी बाराटांग बेटाची सहल ठरलेली होती. पहाटे निघून दुपार टळल्यावर परत. तिच्या वाटेवर जारवा या आदिवासींचे राखीव जंगल लागते. तिथे गाड्या ठरल्या वेळी, पोलिसांच्या बरोबर ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचे नाही, जारवांचे फोटो काढायचे नाहीत, त्यांना खायला द्यायचे नाही. नियम त्यांच्या भल्यासाठी आहे.

रात्री मी सगळ्यांना म्हणालो, "तुम्ही सहलीला जा. मी आक्कांना जेलवर नेतो." तात्या म्हणाले, "बाराटांग काय पळून जातंय? आम्ही पण येतो. पहिल्या दिवशी आम्ही नुसते फोटो काढले. आता नीट बघू." सहलीचे पैसे बुडाले. कुणी कुरकुर केली नाही.

सकाळी आम्ही सेल्युलर जेलवर गेलो. 1857 च्या उठावानंतर, 1858 साली इंग्रजांनी कैद्यांची पहिली तुकडी अंदमानला आणली. हा तुरुंग त्यानंतरचा. 1896 ते 1906 या वर्षांत तो बांधला. मध्ये मनोरा आणि त्यापासून निघालेल्या सात लांब इमारती, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. आता तीनच उरल्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. एका कोठडीत एकच माणूस. दिवसा कोलूला जुंपून तेल काढायला लावत. स्वातंत्र्यवीर सावरकर 1911 ते 1921 इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही इथेच होते. 1979 साली हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला.

मी आक्कांना सांगितले, "कैद्याच्या गळ्यात एक बिल्ला असे. त्यावर त्याचा नंबर आणि सुटकेचे साल. सावरकरांच्या बिल्ल्यावर साल होते 1960."

आक्का म्हणाल्या, "म्हंजी आले तवा पन्नास वरसं म्होरचं?"

"हो. जवळजवळ पन्नास."

आक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण एका दिवसाच्या खोळंब्यानं तोंड पाडून बसलो व्हतो."

तिथे कैद्यांची नावे दगडावर कोरली आहेत. बंगालचे, पंजाबचे, आपल्याकडचे. मी नावे वाचून दाखवू लागलो. खूप नावे होती. मी मधली काही सोडून पुढे गेलो. आक्कांनी माझा हात धरला. "सावकाश वाचा, मास्तर. कुणाचं नाव गाळू नका."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. दोन तास लागले. निघताना आक्कांनी वाकून अंगणातल्या मातीला बोट लावले आणि कपाळाला टेकवले.

परत येताना विमानतळावर सामान तपासले. तात्यांच्या नातवाने पिशवीत प्रवाळाचा तुकडा टाकला होता. प्रवाळ आणि शिंपले तिथून उचलून आणायला बंदी आहे. तुकडा काढून घेतला, समज दिली, सुटलो. ती पाटीही किनाऱ्यावर होतीच. आम्ही वाचली नव्हती.

मंडळी, या प्रवासातून मी पाच गोष्टी शिकलो. त्या तुम्हाला सांगतो. तीर्थयात्रा असो, दवाखाना असो, बँक असो, त्या सगळीकडे उपयोगी पडतात.

एक, अर्जावर आणि तिकिटावर नाव लिहायचे ते ओळखपत्रावर आहे तसेच. हाकेचे नाव लिहायचे नाही.

दोन, दोन कागदांवर दोन नावे असतील तर वेळ असतानाच दुरुस्त करून घ्यायची. प्रवासाच्या दिवशी ते होत नाही.

तीन, समुद्राच्या प्रवासात परतीच्या आधी एकदोन दिवस मोकळे ठेवायचे. ज्यासाठी गेलो ते काम आधी करायचे.

चार, गावाचे जुने नाव आणि नवे नाव दोन्ही लिहून जवळ ठेवायचे. पाट्या वाचायच्या.

पाच, परक्या भाषेतला कागद असेल तर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, सगळा. 'तुला काय कळतंय' असे कोणी म्हटले, तर सही करायची नाही. म्हणणारा मास्तर असला तरी नाही.

आक्का आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी त्यांनी मला विचारले, "माझं नाव दुरुस्त करायचा अर्ज कधी भरायचा?" उद्या भरू, आक्का. पण अर्ज मी लिहिणार नाही. तुम्ही लिहायचा. मी शेजारी कार्ड धरून बसतो.

आता सगळ्यांनी वह्या उघडा. आपापले ओळखपत्र बाहेर काढा. त्यावरचे पूर्ण नाव, अक्षर न गाळता, वहीत पाच वेळा लिहा.